संकेतस्थळ-सेवादाता प्रणाली

वाचकाने मागितलेले पान ज्या दूरस्थ संगणकाकडून त्याच्या पडद्यावर पाठविले जाते, त्यास सेवादाता संगणक किंवा व्यवहारात सर्व्हर असे म्हणतात. या संगणकात दोन आज्ञावली एकीच्या आधाराने दुसरी अशा कार्य करतात. यंत्राची स्मृती, तबकड्या व जोडण्या यांचे नियमन करणारी ती परिचालन प्रणाली आणि आलेली मागणी वाचून पान धाडणारी ती वेब सर्व्हर आज्ञावली होय. लहान संकेतस्थळास यांची कोणतीही जोडी चालते. वापरणाऱ्यांची संख्या लाखांच्या घरात गेली म्हणजे मात्र ही निवड खर्चाचा, सुरक्षिततेचा आणि प्रसंगी उद्योगाच्या अस्तित्वाचा प्रश्न बनते. यंत्राचा वेग हा निवडीचा उघड निकष असला, तरी बिघाड कोणत्या स्वरूपात येणार आणि तो दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाच्या हाती असणार, या गोष्टी प्रत्यक्षात अधिक निर्णायक ठरल्या.

पहिला वेब सर्व्हर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस जिनीव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत नेक्स्ट संगणकावर चालविला. त्यानंतर अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या महासंगणन केंद्रात रॉब मकूल यांनी १९९३ मध्ये लिहिलेली आज्ञावली सर्वत्र पसरली. मकूल १९९४ मध्ये केंद्र सोडून गेले आणि तिच्यातील सुधारणा थंडावल्या. तिची मूळ संहिता सर्वांना उपलब्ध असल्याने ठिकठिकाणचे व्यवस्थापक आपापल्या दुरुस्त्या स्वतःच करू लागले होते. ब्रायन बेलेनडॉर्फ यांच्यासह आठ जणांनी फेब्रुवारी १९९५ मध्ये या दुरुस्त्या एकत्र करण्याचे ठरविले. त्यातून ‘अपाची’ ही आज्ञावली निर्माण झाली. हे नाव ठिगळे या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरील कोटी आहे, ही समजूत रूढ आहे. अपाची या अमेरिकन आदिवासी लोकांबद्दलच्या आदरातून ते घेतले, असे मात्र तिच्या संस्थेचे म्हणणे आहे. ऑगस्ट १९९५ मध्ये नेटक्राफ्ट या ब्रिटिश कंपनीने पहिली गणना केली, तेव्हा जगात अवघी १८,९५७ संकेतस्थळे आढळली. एप्रिल १९९६ पर्यंत अपाची या गणनेत पहिल्या क्रमांकावर पोहोचली होती.

परिचालन प्रणालीच्या बाबतीत स्पर्धा अधिक गुंतागुंतीची होती. सन मायक्रोसिस्टिम्सची सोलॅरिस आणि मायक्रोसॉफ्टची विंडोज एनटी या विकत घ्यावयाच्या प्रणाली होत्या. बर्कली येथील युनिक्सविषयक कामातून १९९३ मध्ये निघालेली फ्रीबीएसडी आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली लिनक्स या विनामूल्य होत्या. तंत्रदृष्ट्या त्या वेळी फ्रीबीएसडी अधिक परिपक्व मानली जाई. परंतु बर्कलीच्या संहितेच्या मालकीवरून १९९२ मध्ये उभा राहिलेला खटला १९९४ मध्ये मिटेपर्यंत तिच्यावर अनिश्चिततेचे सावट होते. लिनक्सचा प्रसार नेमका या काळात झाला. तंत्रज्ञानाच्या इतिहासात गुणवत्तेइतकेच न्यायालयाचे वेळापत्रकही कधीकधी परिणामकारक ठरते, ते असे.

याहू या कंपनीने १९९६ मध्ये फ्रीबीएसडीचा स्वीकार केला. त्याच वर्षी ४ जुलै रोजी सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी सुरू केलेल्या हॉटमेल या विनामूल्य टपालसेवेनेही वाचकांना सामोऱ्या जाणाऱ्या संगणकांवर फ्रीबीएसडी व अपाची आणि टपालाच्या साठ्यासाठी सोलॅरिस अशी विभागणी केली. डिसेंबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने हॉटमेल सु. ४० कोटी डॉलरना विकत घेतली. तेव्हा तिचे सु. ९० लाख सभासद होते. आपली प्रणाली मोठ्या उद्योगांस योग्य आहे, असे सांगणाऱ्या कंपनीची सर्वांत प्रसिद्ध सेवा प्रतिस्पर्धी प्रणालीवर चालावी, ही मायक्रोसॉफ्टला अडचणीची गोष्ट होती. तथापि स्थलांतरास दोन वर्षांहून अधिक काळ लागला. सन २००० च्या उन्हाळ्यात पुढच्या फळीतील संगणकांवर विंडोज २००० बसविण्यात आली, परंतु साठ्याचा भाग त्या वेळी सोलॅरिसवरच राहिला आणि काही कामांसाठी फ्रीबीएसडीचा वापर चालू असल्याचे जून २००१ मध्ये पुन्हा उघड झाले.

या स्थलांतराविषयी मायक्रोसॉफ्टमध्येच लिहिला गेलेला एक अहवाल पुढे २००२ मध्ये बाहेर आला. तो या इतिहासातील सर्वांत उद्‌बोधक कागद म्हणावा लागेल. युनिक्समधील व्यवस्था साध्या मजकुराच्या धारिकांत नोंदलेली असते. त्यामुळे शेकडो यंत्रांवर एकच बदल दुरून, एका लहानशा आज्ञेने करता येतो. विंडोज ही मात्र पडद्यासमोर बसून चित्रांवर टिचक्या मारणाऱ्या माणसासाठी घडविलेली होती. मांडणीतल्या ज्या यंत्रांना पडदाच नाही, तेथे ही सोय म्हणजे ओझे ठरते. अहवालात विंडोजच्या विकाससाधनांची वाखाणणीही आहे, आणि ती अनाठायी नव्हती; पण युनिक्समध्ये मुरलेल्या व्यवस्थापकांच्या सवयी बदलणे ही आज्ञावली बदलण्याहून कठीण बाब होती, हे त्यातून दिसते.

याच सुमारास दोन विचारसरणी समोरासमोर आल्या. ईबे या लिलावाच्या संकेतस्थळाने आपला विदासंग्रह सन कंपनीच्या एका अतिशय मोठ्या संगणकावर ठेवला होता. १० जून १९९९ रोजी तो कोसळला आणि व्यवहार सु. २२ तास बंद पडले. विक्रेत्यांना शुल्क परत द्यावे लागले व कंपनीच्या समभागांचा भाव घसरला. मोठे यंत्र क्वचित बिघडते, पण बिघडले की सर्वच थांबते. पुढे ईबेने विदासंग्रह अनेक यंत्रांत विभागला. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या गूगलने प्रारंभापासून उलट मार्ग धरला. १९९९ मधील तिच्या मांडण्यांत बुचाच्या पत्र्यावर स्वस्त संगणकांचे उघडे फलक रचलेले असत. यंत्रे बिघडणारच, हे गृहीत धरून बिघाड सावरण्याची जबाबदारी आज्ञावलीवर टाकण्यात आली. २००३ मध्ये तिच्या अभियंत्यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखानुसार अशा साध्या यंत्रांची संख्या १५,००० हून अधिक होती. प्रत्येक यंत्रामागे परवान्याचे मूल्य द्यावयाचे असते, तर हे गणित जुळले नसते. लिनक्सची निवड येथे तत्त्वनिष्ठेपेक्षा हिशेबातून झाली, असे म्हणता येईल.

सुरक्षिततेचा प्रश्न २००१ मध्ये ऐरणीवर आला. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरमधील एका दोषाचा फायदा घेऊन ‘कोड रेड’ या संगणक-किड्याने १९ जुलै रोजी सु. १४ तासांत ३,५९,००० यंत्रे ग्रासली. सप्टेंबरमध्ये ‘निम्डा’ आल्यावर गार्टनर या सल्लागार संस्थेने आयआयएसला पर्याय शोधण्याचा सल्ला उद्योगांना दिला. मात्र संहिता खुली असली की दोष आपोआप दिसतात, हा समजही भाबडाच होता. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या मुक्त आज्ञावलीत ‘हार्टब्लीड’ हा गंभीर दोष सापडला, तेव्हा तो दोन वर्षे सर्वांसमोर असूनही कोणाच्या लक्षात आला नव्हता.

दरम्यान मागणीचे स्वरूपच पालटत होते. एकाच यंत्राने एकाच वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळाव्यात, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये मांडला. अपाचीच्या प्रचलित पद्धतीत प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रक्रिया अडकून पडे. मंद गतीने पान घेणारे ग्राहक वाढले की स्मृती संपत असे. कोणत्या जोडणीवर काही घडले तेवढेच परिचालन प्रणालीने कळवावे, हा त्यावरील उपाय फ्रीबीएसडीने २००० मध्ये व लिनक्सने २००३ अखेरच्या आवृत्तीत आणला. या सोयीवर रशियातील रॅम्बलर या संकेतस्थळाचे अभियंता इगोर सिसोयेव्ह यांनी ‘एंजिनएक्स’ ही आज्ञावली रचून २००४ मध्ये सर्वांना खुली केली. थोड्या प्रक्रियांत हजारो जोडण्या हाताळणाऱ्या या आज्ञावलीने नेटक्राफ्टच्या गणनेत एप्रिल २०१९ मध्ये अपाचीला मागे टाकले. जानेवारी २०१२ मध्ये व्हॉट्सॲपने फ्रीबीएसडी वापरून एका यंत्रावर २० लाखांहून अधिक जोडण्या पेलल्याचे जाहीर केले. चित्रपट पुरविणारी नेटफ्लिक्स ही कंपनी वितरणाच्या संगणकांसाठी फ्रीबीएसडी व एंजिनएक्स, तर इतर कामांसाठी भाड्याच्या संगणकांवर लिनक्स वापरते. अर्थात एकाच सेवेच्या दोन अंगांना दोन प्रणाली मानवतात.

विंडोज मोठ्या संकेतस्थळास अयोग्य, असा निष्कर्ष मात्र यावरून काढता येत नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने २०१६ मध्ये अवघ्या ११ आयआयएस संगणकांवर जगभरचा भार वाहिला. त्याच्या संस्थापकांचे कौशल्य विंडोजमधले होते आणि यंत्रे मोजकी असल्याने परवान्यांचा खर्च आटोक्यात होता. मागण्यांची वाटणी करणे यांसारख्या कामांना त्यांनीही लिनक्सच वापरली. भारत सरकारने २०१५ मध्ये आपल्या विभागांसाठी मुक्तस्रोत आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले, त्यामागे खर्चाबरोबरच एका पुरवठादारावर कायम अवलंबून राहण्याची चिंता होती. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपली एसक्यूएल सर्व्हर ही विदासंग्रह आज्ञावली लिनक्सवरही चालेल अशी करून विक्रीस आणली.