वाळीत पडलेल्याची साक्ष

घणसोलीसारख्या ठाणे खाडीकाठच्या आगरी-कोळी गावात ‘वाळीत टाकणे’ म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. हळदीला कोणी येत नाही, मयताला खांदा मिळत नाही. माणूस आपल्याच घरात राहतो. तुटतात ती नाती. मी इथलाच असल्याने बंदिस्त पंथांविषयी वाचू लागलो, तेव्हा विचित्र विधींपेक्षा हीच गोष्ट आधी शोधत गेलो.

ती सगळीकडे सापडते. एल. रॉन हबर्ड यांनी १९५०च्या दशकात अमेरिकेत स्थापन केलेल्या सायंटॉलॉजीतून बाहेर पडलेल्या अनेकांनी आत्मकथने लिहिली. जेना मिस्कॅव्हिज हिल ही तर पंथप्रमुखांची पुतणी. तिचे पुस्तक २०१३ साली आले. अशा लेखनात बालपणापासूनची शिस्त आणि कष्ट आहेतच, पण सर्वांत जास्त धाक आहे तो ‘डिस्कनेक्शन’चा. विरोधक ठरलेल्याशी आईवडिलांनी, भावंडांनीही बोलणे सोडायचे. संबंध तोडणे हा ज्याचा त्याचा निर्णय असतो, असे पंथाचे म्हणणे आहे.

मुंबईत याच्या जवळचे उदाहरण दाऊदी बोहरा समाजाचे आहे. हा शिया इस्माइली पंथातला, मुख्यतः व्यापारी समाज. वयात आल्यावर मुलामुलींकडून ‘मीसाक’ ही निष्ठेची शपथ घेतली जाते. धर्मप्रमुख सय्यदना यांची ‘रजा’, म्हणजे परवानगी, निकाहापासून दफनापर्यंत लागते. स्थानिक कारभार त्यांनी नेमलेला आमिल पाहतो. बहिष्काराला ‘बरात’ म्हणतात.

असगर अली इंजिनिअर अशाच एका आमिलाचे चिरंजीव. जन्म १९३९, राजस्थानातील सलुंबर. शिक्षणाने स्थापत्य अभियंता. मुंबई महानगरपालिकेत त्यांनी सुमारे वीस वर्षे नोकरी केली. १९७०च्या दशकात उदयपूरच्या बोहऱ्यांत सुधारणेची चळवळ उभी राहिली, तेव्हा ते तिच्यात उतरले, पुढे तिचे नेते झाले आणि बहिष्कृतही. २०११ साली त्यांचे आत्मचरित्र आले. २०१३ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांची साक्ष अमेरिकेतल्या आत्मकथनांहून एका बाबतीत वेगळी आहे. ते बाहेर पडले नव्हते, त्यांना बाहेर काढले होते. त्यांनी ना इस्लाम सोडला, ना बोहरापण. आक्षेप होता तो ऐहिक व्यवहारावरच्या सत्तेला आणि जमा होणाऱ्या पैशाच्या हिशेबाला. आपल्याकडे पंथातल्या विरोधकाला ‘मग सोडून का जात नाहीस?’ असे सहज विचारले जाते. पण ज्याची श्रद्धा शाबूत आहे, आईवडिलांच्या कबरी ज्या कबरस्तानात आहेत, त्याने जायचे कुठे?

हा प्रश्न कायद्यासमोर फार आधी आला होता. मुंबई प्रांताने १९४९ साली बहिष्कारबंदीचा कायदा केला. शिक्षा होती एक हजार रुपयांपर्यंत दंडाची. तत्कालीन सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. जानेवारी १९६२ मध्ये चार विरुद्ध एक अशा मताने तो कायदा रद्द झाला. बहुमताचा मुद्दा फेकून देण्याजोगा नाही : शिस्तभंग करणाऱ्याला काढता येत नसेल, तर धर्मसंप्रदाय एकसंध कसा राहील? एकटे सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी विरोधी मत नोंदवले. बहिष्कृत माणूस आपल्याच समाजात जवळजवळ अस्पृश्य होतो, हे त्यांनी ओळखले. १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ हे नाव वाचलेल्या महाराष्ट्राला हा धागा नवा नसावा.

१९७७ साली नेमलेल्या न्यायमूर्ती नथवानी यांच्या नागरी आयोगाने १९७९च्या अहवालात सुधारकांवरील सामाजिक बहिष्काराच्या तक्रारी नोंदवल्या. १९८६ साली सुधारकांच्या मध्यवर्ती मंडळाने १९६२च्या निकालाचा फेरविचार मागितला. त्यानंतर सदतीस वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२३ रोजी, पाच न्यायाधीशांच्या पीठाने हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. दरम्यान, अर्ज करणाऱ्या पिढीतले इंजिनिअर निघून गेले होते.

महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६चा नवा कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. गावकीने वाळीत टाकलेला माणूस आज त्या कायद्याच्या आधारे पोलीस ठाण्याची पायरी चढू शकतो. कायद्यात जातपंचायत आहे, तसा धर्मसमूहही आहे. पण धर्मप्रमुखाच्या हाती १९६२च्या निकालाची ढाल आहे, गावकीच्या पंचांच्या हाती ती नाही. खांदा न मिळालेल्या मयताच्या घरी मात्र हा फरक कोणाला जाणवत नाही.