मुंबई परमुलखात होती तेव्हा

फुलंब्रीच्या शाळेत भूगोल शिकवायचो तेव्हा मी वर्गात पृथ्वीगोल आणि हातभर सुतळी घेऊन जायचो. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर. सुतळी अरबस्तान, उत्तर आफ्रिका ओलांडून जाणार असं पोरांना वाटायचं, कारण भिंतीवरच्या नकाशात तसंच दिसतं. ताणली की ती सरकत वर जायची, रशियावरून, आइसलंडला घासून, ग्रीनलंडच्या खालच्या टोकाजवळून. हे अंतर साधारण १२,५०० किलोमीटर, थेट विमानाला आज पंधरा-सोळा तास. माझी नात याच वाटेनं गेली.

पण सुतळी हातात आली की मला आजोबा आठवतात.

त्यांच्या काळी फुलंब्री मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. मुंबईला निघायचं तर बैलगाडीनं चौका ओलांडून औरंगाबाद गाठायचं, तिथून १९०० साली सुरू झालेली मीटरगेजची गाडी. ती मनमाडला संपायची. बोचकी उतरवायची आणि पलीकडे मुंबईच्या मोठ्या गाडीची वाट पाहायची. मनमाडला पैसाही बदलायचा. आपला निजामी हाली रुपया पलीकडे चालायचा नाही, तिथं इंग्रजी कलदार लागायचा, आणि हाली त्याच्यापुढं हलका. शंभर कलदार घ्यायला शंभराहून जास्त हाली मोजावे लागत, हे आजोबा म्हातारपणीही कळवळून सांगायचे. औरंगाबाद ते मुंबई सरळ रेषेत जेमतेम २८० किलोमीटर.

८ जून १९४८ ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघालं. चार इंजिनांचं कॉन्स्टेलेशन, ३५ प्रवासी, त्यांत खुद्द जे. आर. डी. टाटा. कैरो, जिनिव्हा अशा मुक्कामांनी ते तिसऱ्या दिवशी लंडनला पोचलं. स्वतंत्र भारताचं विमान युरोपात उतरलं, याचा मला अभिमान आहे. त्या दिवशी फुलंब्री मात्र भारतात नव्हती. सरहद्दीवर नाकेबंदी होती, निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या धास्तीनं माणसं घरदार टाकून पलीकडच्या मुलखात आसऱ्याला जात होती. मुंबईच्या माणसाला लंडन तीन टप्प्यांवर आलं होतं आणि आमच्या माणसाला मनमाड परदेश होतं. किलोमीटर मोजून हे अंतर कळत नाही, म्हणून मी ते पोरांना तारखांनी सांगायचो.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं. त्या तारखेला शाळेत झेंडावंदन झालं की मी फळ्यावर दोन तारखा लिहायचो आणि मधले दिवस मोजायला लावायचो. १०१ भरतात.

आता सावंगीला समृद्धी महामार्गावर चढलं की मुंबई काही तासांवर. नात निघाली तेव्हा गाडीत मी तिच्याजवळ बसलो होतो. मनमाड वाटेत लागलंच नाही. तिला हाली-कलदारची गोष्ट सांगितली, तेव्हा तिनं विचारलं, “आबा, त्यातला एखादा रुपया ठेवलाय का हो आपण?”

ठेवलाय. आजीच्या पेटीत एक हाली आहे. परत येईल तेव्हा तिला देणार आहे.