गतिसंवेदक फलक

गतिसंवेदक फलक : वस्तूचा प्रवेग (वेग बदलण्याचे प्रमाण) आणि तिच्या फिरण्याचा कोनीय वेग मोजून ती मापने अंकांच्या रूपात संगणकाकडे पाठविणारी चिप ज्यावर बसविलेली असते, असे छोटे मुद्रित मंडल. टपालाच्या तिकिटाहूनही लहान असलेला हा फलक हौशी तंत्रज्ञ व विद्यार्थी आर्ड्विनोसारख्या सूक्ष्मनियंत्रकाला किंवा रास्पबेरी पायसारख्या एकफलकी संगणकाला जोडतात. तोल सांभाळणारी दुचाकी यंत्रे, ड्रोन, हातवाऱ्यांनी चालणारी खेळणी, भूकंपाच्या हादऱ्यांची शालेय नोंदयंत्रे इत्यादींत तो वापरतात. दाराशी माणूस आला की दिवा लावणाऱ्या अवरक्त किरणांवरील साधनालाही व्यवहारात गतिसंवेदकच म्हणतात. परंतु ते दुसऱ्याची हालचाल बाहेरून टिपते, तर येथे वर्णिलेला संवेदक स्वतःचीच हालचाल आतून मोजतो. मागे राहिलेल्या खुणा किंवा समोरचा देखावा न पाहता आपण किती वळलो हे ओळखण्याची ही युक्ती जुनी असून तिचा इतिहास दीड शतकाहून अधिक काळाचा आहे.

प्रवेगमापकात स्प्रिंगांनी अडकविलेले एक वस्तुमान असते. बाहेरील चौकटीचा वेग बदलला की निरूढीमुळे हे वस्तुमान मागे रेंगाळते आणि स्प्रिंगांच्या ताणावरून प्रवेग कळतो. म्हणजेच प्रवेगमापक गती मोजीत नाही. एकसारख्या वेगाने धावणाऱ्या आगगाडीत आणि फलाटावर तो सारखेच मापन देतो. टेबलावर निश्चल ठेवला असतानाही तो वरच्या दिशेने एक गुरुत्वीय प्रवेग (सु. ९·८ मी./से.²) दाखवितो, कारण टेबल त्याला वर रेटून धरीत असते, मुक्तपणे पडत असताना मात्र तो शून्य दाखवितो. डिसेंबर २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर दोन रास्पबेरी पाय संगणक गतिसंवेदक फलकांसह नेण्यात आले. स्थानक ताशी सु. २७,६०० किमी. वेगाने पृथ्वीभोवती फिरत असले, तरी ते अखंड मुक्त पतनात असल्याने तेथे प्रवेगमापकाला जाणवण्याजोगे जवळजवळ काहीच नसते. नवशिक्याचा पहिला गोंधळ होतो तो येथेच.

घूर्णी हा दुसरा घटक होय. फ्रेंच भौतिकीविज्ञ लेआँ फूको यांनी १८५१ मध्ये लंबकाच्या साहाय्याने पृथ्वीचे परिवलन दाखवून दिल्यावर १८५२ मध्ये त्याच हेतूने वेगाने फिरणाऱ्या चाकाचे उपकरण तयार केले व त्यास जायरोस्कोप हे नाव दिले. वलयांत मोकळे बसविलेले असे चाक अवकाशातील आपल्या अक्षाची दिशा सोडीत नाही. जर्मनीत हेर्मान आनश्यूट्स-केम्फे यांनी १९०८ च्या सुमारास आणि अमेरिकेत एल्मर स्पेरी यांनी १९११ च्या सुमारास या गुणधर्मावर आधारलेले होकायंत्र जहाजांवर आणले. पोलादी जहाजात चुंबकीय होकायंत्र भरवशाचे राहत नसल्याने नौदलांना त्याची निकड होती.

घूर्णी व प्रवेगमापक यांचा संयोग युद्धामुळे घडला. जर्मनीच्या व्ही-२ क्षेपणास्त्रात (पहिले यशस्वी उड्डाण ३ ऑक्टोबर १९४२) घूर्णी क्षेपणास्त्राची दिशा राखीत आणि प्रवेगाचे समाकलन करणारे उपकरण इष्ट वेग येताच एंजिन बंद करी. युद्धानंतर मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी हे तंत्र पूर्णत्वास नेले. फेब्रुवारी १९५३ मध्ये त्यांची एक टनाहून अधिक वजनाची यंत्रणा घेऊन एक बाँबर विमान मॅसॅचूसेट्समधून निघून लॉस अँजेल्सला पोहोचले. वाटेत बाहेरील कोणत्याही खुणेचा आधार मार्गनिर्देशनासाठी घेतलेला नव्हता. ऑगस्ट १९५८ मध्ये ‘नॉटिलस’ ही पाणबुडी अशाच यंत्रणेवर विसंबून उत्तर ध्रुवाच्या बर्फाखालून गेली.

या यंत्रणांचा एक दोष मात्र कधीच नाहीसा झाला नाही. घूर्णी कोनीय वेग सांगते. कोन हवा असेल, तर त्या वेगाचे काळानुसार समाकलन करावे लागते. मापनात अल्पशी स्थिर चूक असली, तरी समाकलनात ती क्षणोक्षणी साचत जाते. प्रवेगापासून अंतर काढताना समाकलन दोनदा होते, त्यामुळे चूक काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अपोलो यानातील मार्गनिर्देशन मंच त्या काळातील अत्युत्कृष्ट कारागिरीचा नमुना होता. तरीही अंतराळवीरांना ठराविक काळाने दुर्बिणीतून ज्ञात ताऱ्यांचा वेध घेऊन त्याची दिशा नव्याने लावून घ्यावी लागे. आतील मापनाला बाहेरील साक्षीदार लागतोच, हा चंद्रप्रवासातील नियम हौशी माणसाच्या टेबलावरही तसाच लागू पडतो.

संवेदकांचे आकारमान घटले ते सिलिकॉनमुळे. १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेतील सी. एस. स्मिथ यांनी ताण दिला असता सिलिकॉन व जर्मेनियम यांचा विद्युत् रोध मोठ्या प्रमाणात बदलतो, असे दाखविले. १९७९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एल. एम. रॉयलन्स व जे. बी. एंजेल यांनी सिलिकॉनमध्ये कोरलेला प्रवेगमापक सादर केला. सिलिकॉन हा केवळ विद्युत् मंडलांचा नव्हे, तर यंत्रांचाही पदार्थ आहे, हे १९८२ मध्ये कर्ट पीटरसन यांच्या निबंधाने ठसविले. परंतु प्रयोगशाळेतून बाजारपेठेत यायला गिऱ्हाईक लागते. ते मोटारगाडीच्या रूपाने मिळाले. अपघातात एअरबॅग फुगविण्याची आज्ञा देणारा संवेदक स्वस्त व खात्रीचा असणे आवश्यक होते. ॲनालॉग डिव्हायसेस या अमेरिकन कंपनीने १९९१ मध्ये जाहीर केलेल्या एडीएक्सएल-५० या चिपमध्ये कंगव्याच्या दात्यांसारखी रचना होती. हलत्या दात्यांचे स्थिर दात्यांपासूनचे अंतर बदलले की विद्युत् धारणा बदले आणि त्याच चिपवरील मंडल तो बदल मोजी.

सिलिकॉनमधील घूर्णीत फिरते चाक नसते. गास्पार गुस्ताव्ह कोरिऑलिस यांनी १८३५ मध्ये फिरत्या चौकटीत हलणाऱ्या वस्तूवर कार्य करणाऱ्या आडव्या प्रेरणेचे गणित मांडले होते. सिलिकॉनचे सूक्ष्म वस्तुमान सतत कंप पावत ठेवले आणि चिप फिरविली, तर या प्रेरणेने ते कंपनाच्या काटकोनात ढळते. हे ढळणे मोजले की कोनीय वेग मिळतो. अशी घूर्णी ड्रेपर प्रयोगशाळेने १९९१ मध्ये दाखविली. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधील एका नियतकालिकाने घेतलेल्या चाचणीत मर्सिडीझ ए-क्लास ही नवी गाडी अकस्मात वळण घेताना उलटली. कंपनीने मग त्या गाडीत स्थैर्यनियंत्रण यंत्रणा सरसकट बसविली आणि गाडीचे वळणे मोजणाऱ्या स्वस्त घूर्णींना मोठी मागणी निर्माण झाली.

यापुढील वाटचाल वेगाने झाली. निन्टेंडोच्या वी या खेळयंत्राच्या हस्तनियंत्रकात (२००६) व ॲपलच्या आयफोनमध्ये (२००७) प्रवेगमापक आला. २०१० मध्ये आयफोन ४ मध्ये घूर्णीही आली. लक्षावधी नग बनू लागताच किंमत कोसळली. कॅलिफोर्नियातील इन्व्हेन्सेन्स (स्थापना २००३, २०१७ पासून जपानच्या टीडीके समूहात) या कंपनीच्या एमपीयू-६०५० या ४ मिमी. लांबीरुंदीच्या चिपमध्ये तीन अक्षांवरील प्रवेगमापक व तीन अक्षांवरील घूर्णी एकत्र आल्या.

इकडे हौशी मंडळींच्या हाती संगणनाची साधने आली होती. इटलीतील इव्ह्रेया येथील आरेखन संस्थेत २००५ मध्ये मास्सिमो बान्झी, डेव्हिड क्वार्तिएयेस व त्यांचे सहकारी यांनी आर्ड्विनो सिद्ध केला. त्याला आधार होता तेथील विद्यार्थी एर्नान्दो बार्रागान यांच्या ‘वायरिंग’ या प्रबंध-प्रकल्पाचा, ज्याचा उल्लेख पुष्कळदा राहून जातो. रास्पबेरी पाय हा ३५ डॉलरचा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. सुट्या स्वरूपात एमपीयू-६०५० चिप हाताने डाख देऊन जोडणे जिकिरीचे असल्याने ती छोट्या फलकावर बसवून, विद्युत् दाब नियंत्रकासह विकण्याची पद्धत पडली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर व पुण्याच्या बुधवार पेठेत सुट्या भागांच्या दुकानांतून असे फलक मिळतात. क्षेपणास्त्र तंत्रविद्येच्या प्रसारास आळा घालण्यासाठी १९८७ मध्ये सात राष्ट्रांनी केलेल्या समझोत्यात घूर्णी व प्रवेगमापक यांचा समावेश होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या बदलाचे मोल कळते. अर्थात खुले झाले ते उपकरण, अचूकता नव्हे. उच्च अचूकतेच्या संवेदकांवरील निर्यात-निर्बंध उठलेले नाहीत.

प्रत्यक्ष जोडणीस चार तारा पुरतात : विद्युत् पुरवठा, भूमी, विदा व कालस्पंद. शेवटच्या दोन तारांवरील संभाषण फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये आणलेल्या आय-टू-सी या पद्धतीने चालते. आर्ड्विनो ऊनोवर विदा ए४ व कालस्पंद ए५ या टोकांना, तर रास्पबेरी पायवर त्या अनुक्रमे ३ व ५ क्रमांकांच्या टाचण्यांना जोडतात. ऊनो ५ व्होल्टवर चालतो; एमपीयू-६०५० व रास्पबेरी पाय ३·३ व्होल्टवर, म्हणून पायच्या टाचण्यांना ५ व्होल्टचा स्पर्शही होऊ देऊ नये. एका तारजोडीवर अनेक साधने असू शकतात. त्यासाठी प्रत्येकास पत्ता असतो. या चिपचा पत्ता १०४ असून एक टोक उच्च दाबाला जोडल्यास तो १०५ होतो, त्यामुळे दोन फलक एकत्र चालविता येतात.

पुरवठा दिल्यावर चिप निद्रावस्थेत असते. तिच्या १०७ क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये शून्य लिहिल्यावर ती जागी होते. ही एक ओळ राहून गेल्याने सर्व मापने शून्य दिसतात आणि दोष तारांवर ढकलला जातो. तत्पूर्वी ११७ क्रमांकाचे रजिस्टर वाचून चिपची ओळख पटविणे चांगले. बाजारात एका नावाखाली दुसरी चिप खपविली जाते : एमपीयू-९२५० ची ओळख ११३ असते, त्याऐवजी ११२ हा अंक आल्यास ती चुंबकमापक नसलेली एमपीयू-६५०० समजावी. त्यानंतर ५९ व्या रजिस्टरपासून सलग १४ बाइट वाचले असता तीन प्रवेग, तापमान व तीन कोनीय वेग मिळतात. सर्वांत लहान पल्ल्यावर एक गुरुत्वीय प्रवेगास १६,३८४ आणि सेकंदास एक अंश या कोनीय वेगास १३१ असे अंक येतात. फलक सपाट ठेवून उभ्या अक्षावर १६,३८४ च्या आसपासचा आकडा येतो की नाही, ही पहिली परीक्षा होय.

दुसरी परीक्षा अधिक बोधप्रद असते. निश्चल फलकावरील घूर्णी शून्य दाखवीत नाही. उत्पादकाच्या माहितीपत्रकानुसार ही प्रारंभिक चूक सेकंदाला २० अंशांपर्यंत असू शकते. ती केवळ एक अंश धरली, तरी एका मिनिटात समाकलित कोन ६० अंशांनी चुकतो. म्हणून आरंभी फलक काही सेकंद स्थिर ठेवून शेकडो मापनांची सरासरी काढतात व ती पुढील प्रत्येक मापनातून वजा करतात. तापमानाबरोबर चूक बदलत असल्याने एवढ्याने भागत नाही. प्रवेगमापकातील ०·०१ गुरुत्वीय प्रवेगाची चूक दहा सेकंदांत सु. ५ मी. आणि एका मिनिटात सु. १७५ मी. अंतर खोटेच दाखविते. अशा फलकाने खोलीतील आपली जागा शोधण्याची अनेकांची मनीषा येथेच संपते. कल मोजण्याचे काम मात्र उत्तम होते.

कारण कलासाठी साक्षीदार हाताशी असतो, तो म्हणजे गुरुत्व. प्रवेगमापक दीर्घकाळात खालची दिशा बरोबर सांगतो, पण हादऱ्यांनी क्षणोक्षणी थरथरतो. घूर्णी क्षणभर अचूक, पण दीर्घकाळात ढळणारी. प्रत्येक फेरीत घूर्णीवरून काढलेल्या कोनाला ०·९८ व प्रवेगमापकावरून काढलेल्या कोनाला ०·०२ असे वजन देऊन बेरीज केली की दोहोंचे दोष बरेचसे झाकले जातात. हे पूरक गाळण दोन ओळींत लिहिता येते. रूडॉल्फ काल्मान यांनी १९६० मध्ये मांडलेली गाळणपद्धती अधिक व्यापक आहे. तिच्या विस्तारित रूपाचा आरंभीचा वापर अपोलोसाठीच झाला. सेबॅस्टियन मॅजविक यांनी २०१० मध्ये दिलेली रीत छोट्या सूक्ष्मनियंत्रकासही पेलते.

समाकलनासाठी दोन मापनांतील काळ नेमका ठाऊक असावा लागतो. सूक्ष्मनियंत्रक एकच काम करीत असल्याने हा काळ एकसारखा राहतो. रास्पबेरी पायवरील लिनक्स प्रणाली अनेक कामांत मध्येच गुंतते, तेव्हा तेथे प्रत्येक मापनाबरोबर वेळही नोंदवावी लागते. तोल राखणाऱ्या यंत्रात सूक्ष्मनियंत्रकाने मापन करावे व संगणकाने आलेख काढावा, ही विभागणी म्हणूनच सोयीची पडते.

उभ्या अक्षाभोवतीच्या वळण्याला गुरुत्व साक्ष देऊ शकत नाही. त्यासाठी चुंबकमापक जोडतात, पण जवळची मोटर, लोखंडी टेबल वा विद्युत् वाहक तारा त्याला फसवितात. फूकोनंतरच्या नौदलांची पोलादी जहाजातील अडचणच ही. चिपच्या आतच सर्व गणित उरकून थेट दिशा देणारे बीएनओ-०५५ सारखे बॉश कंपनीचे संवेदकही उपलब्ध झाले. त्यांनी काम हलके होते, परंतु उत्तर चुकले असता ते कोठे चुकले हे शोधायला वाव राहत नाही. त्यामुळे शिकण्यासाठी कच्ची मापने देणारा फलकच अधिक उपयुक्त ठरतो.