आठ सेकंद आणि कोपरांचा आधार

२३ जुलै १९८९. ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीचा अखेरचा टप्पा. व्हर्साय ते पॅरिस, २४.५ किलोमीटर; प्रत्येकाने एकट्याने, घड्याळाशी झुंजत पार करायचे. फ्रान्सचा लोराँ फिन्याँ ५० सेकंदांनी आघाडीवर होता. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने त्याच्यावर ५८ सेकंदांची मात केली आणि सुमारे ३,२८५ किलोमीटरची शर्यत अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली.

लेमाँडच्या हँडलवर पुढे निघालेला एक वाकवलेला दांडा होता. त्यावर कोपरे टेकवून, हात जवळ घेऊन तो जवळजवळ आडवा झाला होता. हा दांडा घडवणारा बून लेनन हा मुळात स्कीइंगचा प्रशिक्षक. उतारावर अंग आक्रसून वारा कापण्याची स्कीपटूंची बैठक त्याने सायकलवर आणली.

तिचे स्वागत प्रथम केले ते ट्रायथलॉनपटूंनी. त्यांचा खेळ कोवळा होता. हवाईतील पहिली ‘आयर्नमॅन’ १९७८ची. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल, मग ४२.२ किलोमीटर धावणे. पुढच्या सायकलस्वाराच्या आडोशाने जाण्यास मनाई, म्हणजे वारा ज्याचा त्यानेच झेलायचा. शिवाय सायकलस्वाराने कसे बसावे, याची शतकभराची परंपरा त्यांच्या मानगुटीवर नव्हती.

पण ही बैठक अंगवळणी पडणे सोपे नव्हते. हात एकमेकांजवळ आले की हँडलवरची पकड हलकी होते. मनगट जरा वळले तरी चाक भरकटते. ब्रेक दूर राहतात. वाऱ्याचा आडवा झोत आला की पुढचे चाक थरथरते. मान सतत वर उचलून धरावी लागते. सर्वांत वाईट म्हणजे जुन्या फ्रेमवर पुढे वाकताना मांड्या पोटाशी भिडतात आणि श्वास कोंडतो. स्वार नकळत सीटच्या टोकाशी सरकू लागले.

‘किंटाना रू’च्या डॅन एम्पफील्डने यातला इशारा ओळखला. शरीर सायकलला जुळवण्याऐवजी त्याने फ्रेमच बदलली. सीटखालची नळी अधिक उभी केली; कंबर पुढे, पॅडलच्या वर आली आणि मांडी व धड यांतला कोन मोकळा झाला. ट्रायथलॉनची स्वतंत्र सायकल म्हणतात ती हीच.

लेमाँडची सायकल मात्र त्या घडणीची नव्हती. त्याने नेहमीच्या शर्यतीच्या बैठकीला फक्त दांडा जोडला होता. आणि तोही त्या दिवशी प्रथमच नव्हे. त्याच शर्यतीत दिनार ते रेन हा ७३ किलोमीटरचा एकट्याने धावण्याचा टप्पा त्याने याच दांड्यावर जिंकला होता. फिन्याँच्या चमूला ते पाहून विचार करायला दोन आठवड्यांहून अधिक अवधी मिळाला होता. दांडा नियमबाह्य असल्याची तक्रार फिन्याँने नंतर केली. ती अगदीच निराधार नसेल, पण उशिराची होती. अर्थात सारे श्रेय दांड्याला देणेही भाबडेपणाचे. फिन्याँ बैठकीच्या जागी झालेल्या जखमेने बेजार होता, आणि शिरस्त्राणाविना, वाऱ्यावर उडणाऱ्या शेंडीनिशी धावला.

१९९६च्या लुगानो सनदेनंतर आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने बैठकीवर बंधने घातली. सीटचे टोक पॅडलच्या अक्षामागे किमान ५ सेंटिमीटर असावे, हे त्यांपैकी एक. एकट्याने वारा झेलण्याच्या ट्रायथलॉनने ते मानले नाही. तेथे सीट पुढेच राहिली.