तालीम आणि गुत्ता

आमच्या भिवापुरांत पहांटे फिरावयास निघालें कीं पोलीस भरतीच्या तयारीसाठीं धांवणारीं मुलें रस्त्यावर भेटतात. मला निवृत्त होऊन कांहीं वर्षें झालीं, तरी त्यांतलीं बरींचशीं ओळख देऊन थांबतात. गेल्या हिंवाळ्यांत अशाच एका जुन्या विद्यार्थ्याच्या तोंडाला रात्रीच्या दारूचा वास आला. छातीनें भरदार, रोज तीनशें बैठका काढणारा मुलगा. मी कांहीं बोलण्यापूर्वींच तो म्हणाला, "गुरुजी, काळजी करूं नका. पांच किलोमीटर धांवलों कीं सारी घामावाटे निघून जाते."

मला राग आला नाहीं, आश्चर्य वाटलें. तालमीची पायरी आणि गुत्त्याची पायरी एकाच माणसानें चढूं नये, असा ज्या महाराष्ट्रांत दंडक होता, तेथें या दोहोंची अशी दिलजमाई केव्हां झाली? आजच्या भाषणांत त्याचाच विचार करावयाचा आहे, आणि त्यासाठीं प्रथम पुण्यास जाणें भाग आहे.

पुण्याच्या गंज पेठेंत लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. लहुजींचा जन्म १७९४ चा. १८१७ च्या खडकीच्या लढाईंत त्यांचे वडील राघोजी धारातीर्थीं पडले व लवकरच पेशवाईही बुडाली. राज्य गेलें तरी विद्या जाऊं नये म्हणून मातंग समाजांतील या वस्तादानें हौदा सजविला आणि तेथें निरनिराळ्या जातींच्या तरुणांना दांडपट्टा, कुस्ती व नेमबाजी शिकविली. त्या शिष्यांत जोतीराव फुले होते. शाळा काढणारे, सत्यशोधक समाज स्थापणारे जोतीराव आपणां सर्वांस ठाऊक आहेत; तालमींत घाम गाळणारे जोतीराव मात्र आपण विसरतों.

पुढें १८७६ पासून कांहीं वर्षें ते पुणें नगरपालिकेचे सभासद होते. याच सुमारास, १८७८ सालीं, मुंबई इलाख्यांत अबकारीचा नवा कायदा झाला आणि दारू हें सरकारी उत्पन्नाचें भक्कम साधन होऊन बसलें. १८८० सालीं जोतीरावांनीं नगरपालिकेच्या अध्यक्षांस पत्र लिहून शहरांत वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविषयीं तक्रार केली. एकीकडे नगरपालिकेनें लोकांच्या आरोग्यासाठीं पैसा खर्च करावा आणि दुसरीकडे तिच्या डोळ्यांदेखत गुत्ते वाढावे, ही विसंगति त्यांच्या नजरेंतून सुटणें शक्य नव्हतें.

येथें माझ्यांतला मास्तर मला थांबवितो. तालमींत गेल्यामुळेंच जोतीराव दारूचे वैरी झाले, असें म्हणणें सोपें असलें तरी तें खरें नव्हे. त्यांच्यापुढें दारूनें उद्ध्वस्त होणारा गरिबांचा संसार होता. टिळकांचेंही तसेंच. कॉलेजांतलें पहिलें वर्ष त्यांनीं शरीर कमावण्यांत घालविलें हें प्रसिद्धच आहे, आणि १९०८ सालीं पुण्यांत दारूच्या दुकानांवर जो पहारा बसला त्याच्या पाठीशींही ते होते. परंतु या दोन गोष्टींत पस्तीस वर्षांचें अंतर आहे. १९२१ सालीं नागपुरांतही गुत्त्यांपुढें स्वयंसेवक उभे राहिले, तें असहकाराच्या हांकेनें.

तर मग तालमीचा पहिलवान दारूपासून दूर राही तो कशामुळें? मला वाटतें, दंड-बैठकांमुळें नव्हे, तालमीच्या रचनेमुळें. वस्तादाचें दार सूर्योदयापूर्वीं उघडे. रात्रीं पिऊन पडलेल्याला त्या वेळीं उठवत नसे, आणि जागा रिकामी दिसली कीं चौकशी होई. हौद्यांतली लाल माती तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळलेली. तींत जोड लागली कीं एकाचें तोंड दुसऱ्याच्या नाकाशीं! तेथें वास लपवावयाचा कसा? शिवाय दूध, तूप, बदाम यांचा खुराक कित्येकदां गांवानें किंवा एखाद्या आश्रयदात्यानें चालविलेला असे. ज्याचें दूध प्यावें त्याला जाब द्यावा लागे. थंडाईंत कोणी भांग घोटीत, हें मी नाकारीत नाहीं; सगळेच पहिलवान कांहीं संत नव्हते. पण ज्याला त्याला ओळखणारे चार डोळे तेथें असत.

आमच्या विदर्भांत अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं हनुमान आखाडा काढला. त्याचेंच पुढें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालें, आणि १९३६ सालीं त्याच्या पथकानें थेट बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखविले. तेथेंही शिकणें संघानें, गुरूपुढें असे.

आतां शास्त्र काय म्हणतें तें पाहूं. मद्यार्काचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग यकृत पचवितें. घाम, श्वास आणि लघवी यांवाटे जातो तो अगदीं थोडा. यकृत आपल्या गतीनें काम करतें, माणूस धांवला म्हणून तें धांवत नाहीं. आणखी एक. ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं २०१४ सालीं आठ तरुणांकडून कसून व्यायाम करवून नंतर त्यांना भरपूर मद्य दिलें. व्यायामानंतर स्नायूंची जी नवी बांधणी होते ती, सोबत प्रथिनें दिलीं असतांही, सुमारें चोवीस टक्क्यांनीं घटली. जुन्या वस्तादांना हा आंकडा माहीत नव्हता. पिणाऱ्याचें अंग भरत नाहीं, एवढें त्यांना डोळ्यांनीं दिसे.

परंतु अमेरिकेंत डॅलस येथील एका मोठ्या पाहणीनें मला खरा धक्का दिला. अडतीस हजारांवर माणसांच्या या नोंदींत अंगानें अधिक तंदुरुस्त असलेलींच माणसें अधिक पिणारीं आढळलीं! इतका घाम गाळला, आतां एका पेल्याचा हक्क झाला, असा हिशेब मन करीत असावें, असा तर्क आहे. माझ्या विद्यार्थ्याचा हिशेब याहून निराळा नव्हता. व्यायाम त्याला दारूपासून परावृत्त करीत नव्हता. उलट परवाना देत होता.

परवान्यावरून आठवलें. आपल्या राज्यांत १९४९ चा दारूबंदी कायदा अद्याप पुस्तकांत आहे, आणि पिण्याचा परवाना मिळतो तो आरोग्य राखण्याच्या कारणासाठीं! शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यांत २०१५ सालीं संपूर्ण दारूबंदी झाली व २०२१ सालीं उठली. जिल्ह्याची हद्द आम्हांपासून दूर नाहीं. तीं सहा वर्षें अलीकडच्या दुकानांवर संध्याकाळीं कोणत्या गाड्या उभ्या असत, तें आम्हीं पाहिलें आहे.

त्या मुलाला मीं यांतलें कांहींच सांगितलें नाहीं. "तुझ्याबरोबर धांवतें कोण?" एवढेंच विचारलें. "कोणी नाहीं, गुरुजी. कानांत गाणीं लावतों आणि धांवतों," तो म्हणाला. आतां तो आणखी तिघांबरोबर मारुतीच्या देवळामागच्या मैदानावर येतो. साडेपांचला मी तेथल्या दगडावर जाऊन बसतों. मला दुसरें काम तरी काय आहे? गेल्या महिन्यांत तो दोन दिवस आला नाहीं. तिसऱ्या दिवशीं आला, नमस्कार केला, आणि माझ्यापासून चार हात दूर उभा राहिला.