१०८ दिवसांचे वडील : डॉ. द्वारकानाथ कोटणीस



डॉ. कोटणीसांचं नाव आपल्या वयाच्या बहुतेकींनी ऐकलेलं आहे. व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट आपल्या आयांनी थिएटरात पाहिला, आपण दूरदर्शनवर. सोलापूरचा एक तरुण डॉक्टर चीनला गेला, जखमी सैनिकांची सेवा केली आणि तिथेच वारला, एवढं आपल्याला ठाऊक असतं. मुलांना सांगतानाही आपण एवढंच सांगतो.

मी कॉमर्सची विद्यार्थिनी. जमेची बाजू वाचली की नावेची बाजू पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. या माणसाची जमेची बाजू तर फार मोठी आहे. पण ती जमा होताना कोणाकोणाच्या नावे काय पडलं, ते आज लिहावंसं वाटलं.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. घर मध्यमवर्गीय, भावंडं बरीच. मुंबईच्या सेठ गो. सु. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले आणि पुढच्या शिक्षणाची तयारी करू लागले. अशा घरात मुलगा डॉक्टर होतो तेव्हा काय होतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. वडिलांना वाटतं, आता खांद्यावरचं ओझं हलकं होईल. आई सुनेची स्वप्नं पाहू लागते. धाकट्या बहिणींना वाटतं, आता दादा आहे.

त्याच सुमारास जपानने चीनवर आक्रमण केलं होतं. चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. त्यांनी देशभर 'चीन दिन' पाळायला लावला आणि त्यातून २२ हजार रुपये जमले. आपण स्वतःच पारतंत्र्यात असताना दुसऱ्या देशाच्या जखमींसाठी लोकांनी खिशातून पैसे काढले, हे मला फार मोठं वाटतं.

पाच डॉक्टरांचं पथक ठरलं. अलाहाबादचे डॉ. मदन अटल प्रमुख. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी. सोलापूरचे आपले डॉ. कोटणीस. आणि पाचवे नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर, पथकात वयाने वडील. तेव्हा आपलं वऱ्हाड नागपूरसोबत मध्य प्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात होतं, म्हणजे चोळकर आपल्याच प्रांतातले. पन्नाशी ओलांडलेला माणूस युद्धभूमीवर निघाला, त्याचीही आठवण आपल्याकडे फारशी कोणी काढत नाही.

१ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' बोटीने हे पाच जण मुंबईहून निघाले. जायचं होतं साधारण वर्षभरासाठी. वडिलांचा मुलाला पाठिंबा होता. आईचा जीव मात्र खालीवर होत होता. द्वारकानाथ तेव्हा २८ वर्षांचेही पूर्ण झाले नव्हते.

इथे जरा आपल्या घरातलं सांगते. मागच्या वर्षी अकोल्याला माझ्या माहेरच्या नात्यातल्या एका मुलाने एमबीबीएस झाल्यावर सैन्याच्या वैद्यकीय सेवेत जायचं ठरवलं. सगळ्यांनी पेढे वाटले, पण आमच्या ऐंशी वर्षांच्या काकू म्हणाल्या, "पोरगं डॉक्टर झालं अन् चाललं सैन्यात! इथं का बिमार माणसं कमी हायेत?" सगळे हसले. मला हसू आलं नाही. त्या प्रश्नात स्वार्थ नव्हता, हिशेब होता. घरातलं एक माणूस दूर गेलं की त्याची कामं कोणीतरी वाटून घ्यावी लागतात, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. पुढे त्याच काकूंनी त्याच्यासाठी डबाभर खाकरे आणि मेतकूट बांधून दिलं, तोही त्याच हिशेबाचा भाग.

कोटणीसांच्या घरी हा हिशेब फार लवकर समोर आला. पथक चुंगकिंगला असताना, १९३९ च्या सुरुवातीला, वडील गेल्याची बातमी त्यांना मिळाली. घरचा कर्ता पुरुष गेला आणि मुलगा हजारो मैलांवर. परत यायला कोणी नाही म्हटलं नसतं. ते आले नाहीत. पथकाबरोबर पुढे निघाले आणि फेब्रुवारीत येनानला पोहोचले. 'किती थोर निर्णय' असं आपण सहज म्हणतो. पण त्या दिवसापासून सोलापूरच्या घरात जे काही करावं लागलं, ते आई आणि भावंडांनी केलं. तो निर्णय त्यांनीही निभावला, म्हणूनच तो टिकला.

एकेक करून पथकातले सहकारी परतले. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच, अटल त्यानंतर. बसू येनानला राहिले. कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ भागात, शत्रूच्या पिछाडीला असलेल्या तळावर गेले. तिथे इस्पितळ म्हणजे कधी शेतकऱ्याचं घर, कधी देऊळ. शत्रू जवळ आला की रोगी, खाटा, औषधं सगळं उचलून दुसऱ्या गावी जायचं. १९४० च्या एका मोठ्या लढाईत त्यांनी सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून याच भागात सेवा करताना नोव्हेंबर १९३९ मध्ये रक्तात विष भिनून वारले होते. त्यांच्या नावाने 'बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय' उभं राहिलं आणि जानेवारी १९४१ मध्ये त्याचे प्रमुख म्हणून कोटणीसांची नेमणूक झाली.

ते चिनी भाषा बोलायला, लिहायला शिकले. नव्या मुलांना चिनीतूनच शस्त्रक्रिया शिकवायचे आणि त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकही लिहीत होते. त्यांचं चिनी नाव 'के तिहुआ'. यातला 'हुआ' म्हणजे चीन. तिथली माणसं मायेने त्यांना 'काळी आई' म्हणत. आपल्या वऱ्हाडात काळी आई म्हणजे कपाशी-ज्वारी पिकवणारी जमीन. सावळ्या परदेशी पुरुषाला आई म्हणणारे ते शेतकरी आणि आपले शेतकरी, दोघांनाही शब्द एकच सुचावा याची मला गंमत वाटते.

सैन्याबरोबर राहणाऱ्या डॉक्टरचं कौतुक आपण अहिंसा मानणाऱ्यांनी करावं का, असं काहींच्या मनात येईल. आपल्याकडे औषधदानाला आहार, ज्ञान आणि अभय यांच्या बरोबरीचं स्थान आहे. कोटणीसांच्या हातात सुरी होती ती गोळी काढायची. मला तरी इथे शंका उरत नाही.

तिथेच त्यांची ओळख गुओ छिंगलान यांच्याशी झाली. त्या परिचर्या शिकवायच्या. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी दोघांचं लग्न झालं. ना मांडव, ना अक्षता, ना सासूबाईंनी सुनेचं केलेलं लिंबलोण. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला. तिथले सेनापती न्ये रोंगचेन यांनी त्याचं नाव ठेवलं 'यिनहुआ'. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

कोटणीसांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. लढाईच्या भागातून बाहेर पडून उपचार घ्यावेत, असं त्यांना सांगून पाहिलं गेलं. ते हलले नाहीत. रोगी, वर्ग, रात्री पुस्तकाचं लेखन चालूच राहिलं. ९ डिसेंबर १९४२ रोजी, झटक्यांनीच, त्यांचा अंत झाला. वय ३२.

आता नावेची बाजू मांडते. मुलगा म्हणून आईवडिलांच्या वाट्याला आलेली वर्षं २८ सुद्धा नाहीत. नवरा म्हणून बायकोच्या वाट्याला एक वर्ष आणि दोन आठवडे. बाप म्हणून मुलाच्या वाट्याला किती? २३ ऑगस्ट ते ९ डिसेंबर मी बोटांवर मोजले. १०८ दिवस. आपल्या जपमाळेत मणी असतात तितकेच. त्यातले निवांतपणे बाळाला मांडीवर घेतलेले किती असतील?

पुढचं पान चित्रपटात नाही. छिंगलान यांनी पुढे दुसरं लग्न केलं, पण कोटणीसांचं नाव सोडलं नाही. त्या अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या, आठवणींचं पुस्तक लिहवून घेतलं. मुलगा यिनहुआ वडिलांच्या वाटेने वैद्यकीय शिकायला गेला आणि डॉक्टर व्हायच्या उंबरठ्यावर, १९६७ साली, पंचविशीच्या आत वारला. त्या माउलीने नवरा तरुणपणी गमावला आणि त्याची एकुलती एक खूणही. तरी २०१२ साली डोळे मिटेपर्यंत त्या दोन देशांमधला दुवा होऊन राहिल्या. मध्ये १९६२ चं युद्ध झालं, दोन्ही देशांची तोंडं फिरली. या एका नात्याचा धागा मात्र तुटला नाही. इकडे कोटणीसांच्या बहिणींनी भावाची आठवण म्हातारपणापर्यंत जपली, चीनचे मोठे नेते भारतात आले की या घरच्यांना आवर्जून भेटत राहिले.

चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये कोटणीसांचं टपाल तिकीट काढलं. शिजियाझुआंग शहरातल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे, तिथे आजही फुलं वाहिली जातात. सोलापुरात त्यांच्या जन्मघराचं स्मारक आहे. देवदर्शनाला किंवा लग्नकार्याला सोलापूरला गेलात तर तासभर काढून मुलानातवंडांना तिथे न्या.

आणि गोष्ट सांगाल तेव्हा पूर्ण सांगा. जीव खालीवर होत असतानाही मुलाला निरोप देणारी आई, त्याच्यामागे घर सावरणारी भावंडं, एका वर्षात संसार उरकलेली छिंगलान, १०८ दिवस बाप मिळालेला यिनहुआ. सैन्यातल्या डॉक्टरच्या त्यागाची पावती एकाच नावावर फाडली जाते, पण वर्गणी सगळ्या घराने भरलेली असते.