अजिंठा डोंगररांग

अजिंठा डोंगररांग ही महाराष्ट्राच्या उत्तर-मध्य भागात पश्चिम-पूर्व पसरलेली, काळ्या बेसाल्ट खडकाची डोंगररांग आहे. नाशिक जिल्ह्यातील सातमाळा रांगेचा हा पूर्वेकडील विस्तार असल्यामुळे भूगोलाच्या पुस्तकांत तिचा उल्लेख ‘सातमाळा-अजिंठा’ असा जोडनावानेही केला जातो. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद), जळगाव, जालना आणि बुलढाणा या जिल्ह्यांत या रांगेचा मुख्य भाग येतो. खानदेश, मराठवाडा आणि विदर्भ हे तीन प्रदेश या डोंगरांच्या आसपास एकमेकांना भिडतात. अजिंठ्याची लेणी जगप्रसिद्ध असली, तरी किल्ले, अरण्य, प्राचीन विद्यापीठ, रणभूमी आणि तीर्थस्थाने यांमुळेही हा डोंगराळ मुलूख अभ्यासकांना व प्रवाशांना महत्त्वाचा वाटतो.

भूरचना

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या ज्वालामुखी उद्रेकांतून वाहिलेल्या लाव्हारसाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार तयार झाले. अजिंठ्याचे डोंगर हा त्याच पठाराचा झिजून उरलेला भाग होय. रांगेची उत्तर बाजू खानदेशाच्या मैदानाकडे कड्यासारखी तुटलेली आहे, तर दक्षिण बाजू मराठवाड्याकडे हळूहळू उतरत जाते. त्यामुळे चाळीसगावकडून पाहणाऱ्यास हे उंच डोंगर दिसतात आणि सिल्लोड किंवा भोकरदनकडून येणाऱ्यास कडा जवळ येईपर्यंत आपण डोंगरावर आहोत हे जाणवतही नाही. काही माथे समुद्रसपाटीपासून ८०० मीटरांहून अधिक उंच आहेत. लाव्हाच्या कठीण थरांनी डोंगरांना सपाट माथे आणि पायऱ्यांसारखे उतार दिले आहेत. हाच खडक लेणी कोरण्यास योग्य ठरला.

नद्या

ही रांग तापी आणि गोदावरी या दोन खोऱ्यांमधील जलविभाजक आहे. उत्तरेस उतरणारी वाघूर नदी अजिंठा लेण्यांच्या पायथ्याशी नालाकृती वळण घेऊन पुढे तापीस मिळते. दक्षिण उतारावरून पूर्णा, तिच्या उपनद्या गिरजा आणि केळणा, तर बुलढाणा भागातून पैनगंगा वाहू लागते.

पूर्णा या नावाच्या दोन नद्यांची विद्यार्थ्यांकडून अनेकदा गल्लत होते. सातपुड्यात उगम पावून अकोला-अमरावतीच्या मैदानातून तापीस मिळणारी पूर्णा वेगळी. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी पूर्णा जालना व बुलढाणा जिल्ह्यांतून वाहत परभणी जिल्ह्यात गोदावरीस मिळते. खडकपूर्णा, येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे या दुसऱ्या पूर्णेवर आहेत. जालना जिल्ह्याच्या दक्षिणेकडील परतूर व मंठा तालुक्यांत, म्हणजे वाटूरच्या परिसरात, डोंगर संपून काळ्या जमिनीची सपाटी लागते. परंतु मंठ्याजवळून वाहणारे पूर्णेचे पाणी मूळ या डोंगरांवरच पडलेले असते. डोंगरमाथ्यावरील झाडी तुटली, तर माती वाहून जाते, पाणी मुरत नाही आणि त्याचा परिणाम शेकडो किलोमीटर खालच्या गावांना भोगावा लागतो. म्हणून या रांगेच्या वनसंरक्षणाचा प्रश्न केवळ डोंगरकपारीतील वस्त्यांपुरता मर्यादित नाही.

वने व वन्यजीव

येथील अरण्य शुष्क पानझडी प्रकारचे आहे. साग, सालई, धावडा, पळस, खैर, बोर आणि सीताफळ ही झाडे सर्वत्र आढळतात. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा निष्पर्ण डोंगर तांबडे दिसतात. आषाढ-श्रावणात तेच डोंगर हिरवे होऊन कड्यांवरून धबधबे कोसळू लागतात.

कन्नड व चाळीसगावच्या मधील सुमारे २६० चौरस किलोमीटरचा प्रदेश १९८६ साली ‘गौताळा औट्रमघाट अभयारण्य’ म्हणून घोषित झाला. बिबट्या, अस्वल, नीलगाय, चिंकारा, रानडुक्कर, वानर आणि मोर हे येथील प्रमुख प्राणी-पक्षी होत. गौताळा हे नाव लोकपरंपरेत गौतम ऋषींशी जोडले जाते. औट्रम हे नाव मात्र जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचे आहे. त्याने १८२५ साली खानदेशात भिल्लांची पलटण उभारली. चाळीसगाव-कन्नड घाटाला त्याचे नाव पडले आणि ते अभयारण्याच्या नावातही राहिले. बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यही याच रांगेत आहे.

अजिंठ्याची लेणी

वाघूरच्या वळणावरील सुमारे ७५ मीटर उंचीच्या अर्धचंद्राकार कड्यात ३० बौद्ध लेणी आहेत. त्यांपैकी ९, १०, १२ आणि १३ ही लेणी इ. स. पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकातील मानली जातात. उर्वरित बहुतेक लेणी इ. स. पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात कोरली गेली. त्याचा अमात्य वराहदेव याचा शिलालेख १६ क्रमांकाच्या लेण्यात आहे. ९, १०, १९ व २६ ही चैत्यगृहे असून इतर बहुतेक विहार आहेत. २६व्या लेण्यातील बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे शिल्प आणि पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाचे चित्र विशेष प्रसिद्ध आहे.

येथील चित्रांना अनेकदा भित्तिलेपचित्रे समजले जाते. तथापि ती ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. भिंतीवर माती, भुसा व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा देऊन त्यावर पातळ पांढरा थर चढवला जाई आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेल्या रंगांनी चित्र काढले जाई. तांबडा, पिवळा व हिरवा हे रंग मुख्यतः माती व दगडांपासून केलेले आहेत. निळ्यासाठी वापरलेला लाजवर्द दूर अफगाणिस्तानातून येत असे. वाळल्या गिलाव्यावरील ही चित्रे दमट हवा, कीटक आणि स्पर्श यांनी सहज खराब होतात.

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने येथे आला आणि लेणी बाहेरच्या जगास ठाऊक झाली. त्याने १०व्या लेण्यातील खांबावर आपले नाव कोरले. ते आजही वाचता येते. मात्र ही लेणी परिसरातील रहिवाशांना आधीपासून माहीत होती, त्यामुळे ‘शोध’ हा शब्द मर्यादित अर्थानेच घ्यावा लागतो.

चित्रे जपण्यासाठी त्यांच्या प्रतिकृती करून घेण्याचे प्रयत्न वारंवार झाले. १८४४पासून रॉबर्ट गिल याने अनेक वर्षे येथे राहून मोठी तैलचित्रे केली. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. त्यानंतर मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांतील अनेक १८८५ साली लंडनमध्येच लागलेल्या दुसऱ्या आगीत नष्ट झाल्या. विसाव्या शतकाच्या प्रारंभी लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस यांच्यासह काही भारतीय चित्रकारांनी येथे काम केले. पुढे निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावून गिलावा स्थिर करण्याचे काम करविले व गुलाम याझदानी यांनी चित्रांचे सविस्तर ग्रंथ सिद्ध केले. जुन्या प्रतिकृतींचा मोठा भाग नाहीसा झाल्यामुळे एकोणिसाव्या शतकात दिसणारे पण आज पुसट झालेले कित्येक तपशील कायमचे हरवले आहेत. १९८३ साली अजिंठ्याचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला. वाहनांचा धूर लेण्यांपर्यंत पोहोचू नये म्हणून खासगी वाहने सुमारे चार किलोमीटर अलीकडे थांबवून पुढे बसने नेण्याची पद्धत आहे. चित्रे असलेल्या लेण्यांत झोताच्या प्रकाशाने छायाचित्रे घेण्यास मनाई आहे.

इतर लेणी

कन्नड तालुक्यातील पितळखोरे लेणी इ. स. पूर्व दुसऱ्या शतकापासूनची असून गौताळा अभयारण्याच्या दरीत आहेत. पैठणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानाचे लेख येथे आढळले. येथे मिळालेल्या यक्षमूर्तीवर ती कान्हदास नावाच्या सोनाराने घडविल्याचा लेख आहे. प्राचीन भारतीय शिल्पात कारागिराचे नाव क्वचितच मिळत असल्याने या मूर्तीस विशेष महत्त्व आहे. ती सध्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. जंजाळा गावाजवळील घटोत्कच लेणी वाकाटककालीन असून तेथेही वराहदेवाचा शिलालेख आहे.

पाटणादेवी व भास्कराचार्यांची परंपरा

चाळीसगावच्या दक्षिणेस, डोंगराच्या कुशीत, पाटणे येथे चंडिकादेवीचे यादवकालीन मंदिर आहे. जवळच धवलतीर्थ व केदारकुंड हे धबधबे आणि कण्हेरगड किल्ला आहे. या मंदिरातील शके ११२८ च्या शिलालेखात एका मठाची नोंद आहे. गणिती भास्कराचार्य (दुसरे) यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी हा मठ स्थापन केला होता. एका ग्रंथकाराच्या लेखनाच्या अध्यापनासाठी संस्था उभारल्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख प्रकाशात आणला. देवीच्या यात्रेस खानदेशातून मोठ्या संख्येने भाविक येतात.

किल्ले

खानदेश आणि दख्खन यांना जोडणाऱ्या घाटवाटांवर लक्ष ठेवण्यासाठी या रांगेत किल्ल्यांची साखळी उभी राहिली. अंतूर, सुतोंडा, वेताळवाडी व जंजाळा ऊर्फ वैशागड हे त्यांतील प्रमुख होत. अंतूरच्या वाटेवर निजामशाही काळातील एक चौकोनी दगडी स्तंभ असून त्यावर कोणती वाट कोणत्या गावाकडे जाते हे फार्सीत कोरलेले आहे. वेताळवाडीचा किल्ला हळदा घाटातून सोयगावकडे उतरताना दिसतो; त्याची तटबंदी आजही बऱ्याच अंशी शाबूत आहे.

जालना जिल्ह्यातील स्थळे

१ मे १९८१ रोजी स्थापन झालेल्या जालना जिल्ह्याचा उत्तर भाग, म्हणजे भोकरदन व जाफराबाद तालुके, या रांगेच्या दक्षिण उतारावर येतो.

भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन होय. सांची व भारहूत येथील स्तूपांवर भोगवर्धनच्या दात्यांची नावे आहेत. १९७०च्या दशकात नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी येथे उत्खनन केले. त्यात सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे मिळालेल्या मूर्तीशी साम्य आहे. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीने पाँपेई गाडले गेले. त्यापूर्वीच दख्खनमधील कारागिरी रोमन जगात पोहोचली होती, हे त्यावरून दिसते.

अन्वा येथील महादेवाचे मंदिर साधारण बाराव्या शतकातील असून त्याच्या बाह्यांगावर विष्णूच्या शक्तींच्या मूर्ती आहेत. त्यावरून ते मूळचे विष्णुमंदिर असावे, असे मानले जाते. जाळीचा देव हे महानुभाव पंथीयांचे महत्त्वाचे स्थान डोंगरात आहे. श्रीचक्रधरस्वामींच्या भ्रमणाशी ते निगडित आहे. राजूर येथील गणपतीस अंगारकी चतुर्थीला मोठी गर्दी होते.

केळणा व जुई या नद्यांच्या दुआबात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे आर्थर वेलस्लीच्या इंग्रज सैन्याची दौलतराव शिंदे व नागपूरकर रघुजी भोसले यांच्या सैन्याशी लढाई झाली. वाटाड्यांनी जवळपास उतार नसल्याचे सांगितले होते. पण नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली, तेव्हा मधे उतार असलाच पाहिजे असा तर्क करून वेलस्लीने केळणा ओलांडली. मराठ्यांच्या तोफखान्याने इंग्रजांचे दीड हजारांहून अधिक सैनिक मृत वा जखमी केले. तरीही अखेरीस मराठ्यांचा पराभव झाला. पुढे वॉटर्लूचा विजेता म्हणून गाजलेला वेलस्ली या लढाईस आपल्या कारकिर्दीतील अत्यंत रक्तरंजित लढाई मानीत असे.

लोकजीवन

डोंगरात शेतकरी गावांबरोबर भिल्लांच्या वस्त्या व बंजारा समाजाचे तांडे आहेत. उत्तर पायथ्याशी अहिराणी, दक्षिणेस मराठवाडी वळणाची मराठी आणि पूर्वेस वऱ्हाडी बोली ऐकू येते. तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. कापूस, मका, सोयाबीन, ज्वारी आणि मिरची ही मुख्य पिके होत. सिल्लोड भागातील मिरचीला बाजारात मागणी असते. पोळा, होळी व बंजाऱ्यांचा तीज हे सण उत्साहाने साजरे होतात. शेती बव्हंशी पावसावर अवलंबून असल्याने अनेक तांड्यांवरील कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी बाहेर जातात आणि त्या काळात मुलांच्या शाळेत खंड पडतो.

प्रवास

अजिंठा लेणी छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १०० किलोमीटर व जळगावपासून सुमारे ६० किलोमीटर अंतरावर असून सोमवारी बंद असतात. पाटणादेवी व पितळखोऱ्यासाठी चाळीसगाव हे सोयीचे रेल्वेस्थानक आहे. दक्षिणेकडून येणाऱ्यांना परतूर रेल्वेस्थानकावर उतरून वाटूरमार्गे जालना व तेथून भोकरदन गाठता येते. वाटूरहून मंठ्याच्या वाटेने बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरही जवळ आहे. हिरवाई व धबधब्यांसाठी जुलै ते सप्टेंबर, तर किल्ले व लेणी पाहण्यासाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य असतो. पावसाळ्यात कड्यांवरील वाटा निसरड्या होतात आणि ओढ्यांना अचानक पूर येतो. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतामुळे वणव्याचा धोका असल्याने अभयारण्यात आग पेटविण्यास बंदी आहे.